चारचौघांतला मेंदू : गटाचे निर्णय आणि मराठवाड्यातले दाखले

ग्रामसभेच्या इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ हा शेरा जागोजागी सापडतो. ग्रामसेवक ठराव वाचतो, सूचक आणि अनुमोदक यांची नावे लिहून घेतली जातात, पुढच्या रांगेतला एखादा ‘मंजूर, मंजूर’ म्हणतो आणि मागचे हात वर होतात. त्यातले किती हात ठराव पटला म्हणून वर गेले, किती शेजारचा हात वर गेला म्हणून गेले आणि किती ‘उगाच वाईटपणा कशाला’ म्हणून गेले, हे इतिवृत्तातून कळत नाही. ही फोड करण्याचा प्रयत्न मानसशास्त्र १९३० च्या दशकापासून करत आले आहे. गेली वीसेक वर्षे मेंदूविज्ञानही त्याच प्रश्नामागे लागले आहे. प्रयोगांची उत्तरे बहुतेक अमेरिका-युरोपातल्या विद्यार्थ्यांवरून आलेली आहेत. ती लातूर-नांदेडच्या गावगाड्याला जशीच्या तशी लावता येत नाहीत, पण प्रश्न मात्र तंतोतंत इथलेच आहेत.

माणूस गटाच्या मागे का जातो, याची दोन कारणे मॉर्टन डॉइच आणि हॅरॉल्ड जेरार्ड यांनी १९५५ मध्ये वेगळी काढली, आणि ती विभागणी आजही टिकून आहे. पहिले कारण माहितीचे. कृषी सेवा केंद्रात उभा असलेला शेतकरी ‘औंदा जास्त कोणतं वाण चाललंय?’ असे विचारतो, तेव्हा इतरांना आपल्यापेक्षा काही ठाऊक असेल असे तो धरून चालतो, आणि त्यात गैर काही नाही. दुसरे कारण मानाचे, म्हणजे गटात आपली जागा राखण्याचे. ऐपत नसताना कर्ज काढून लग्नाचा मांडव मोठा घालणाऱ्याला कुणी नवी माहिती दिलेली नसते. भावकी काय म्हणेल एवढेच त्याच्या डोळ्यांपुढे असते. पहिल्या प्रकारात मत बदलते. दुसऱ्यात बहुधा वागणे तेवढे बदलते आणि मत आत तसेच राहते. मात्र हे ‘बहुधा’ किती खरे, यावरच मेंदूविज्ञानाने सर्वांत रोचक प्रश्न उभे केले.

प्रयोगशाळेतली सुरुवात तुर्कस्तानात जन्मलेल्या मुझफ्फर शेरीफ यांची. पूर्ण अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा एक स्थिर ठिपका बराच वेळ पाहिला, तर तो हलल्याचा भास होतो. ठिपका किती सरकला हे लोकांना एकेकटे विचारले तर उत्तरे कुठल्या कुठे असत. गटात बसवून विचारले की ती हळूहळू एकाच आकड्याभोवती गोळा होत. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची होती. गट मोडून माणसे पुन्हा एकटी बसली, तरी ती गटात ठरलेला आकडाच धरून राहिली. उत्तर मुळातच अंधूक होते, म्हणून लोकांनी एकमेकांचा आधार घेतला.

सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात अंधुकपणा काढून टाकला. तीन रेघांपैकी कोणती रेघ नमुन्याएवढी आहे, एवढेच सांगायचे होते. एकट्याने सांगताना चूक जवळपास होतच नसे. पण खोलीतले बाकी सगळे ॲश यांचे साथीदार होते, आणि अठरापैकी बारा फेऱ्यांत ते ठरवून एकच चुकीचे उत्तर देत. अशा फेऱ्यांत खऱ्या सहभागींची सुमारे ३७ टक्के उत्तरे गटाबरोबर चुकली. तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी वाहवले. या आकड्यांचा उल्लेख नेहमी होतो. त्याच मालिकेतले दोन निष्कर्ष मात्र विसरले जातात, आणि गावाच्या दृष्टीने तेच मोलाचे आहेत. साथीदारांपैकी एकानेही खरे उत्तर दिले, तर वाहवण्याचे प्रमाण एकदम खाली येत असे. आणि सहभागीला उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहू दिले, तरीही ते बरेच घटत असे.

ॲश यांचे निष्कर्ष सर्वत्र सारखे निघाले नाहीत. १९८० मध्ये ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांवर तोच प्रयोग झाला तेव्हा ३९६ फेऱ्यांत एकच जण गटामागे गेला. रॉड बाँड आणि पीटर स्मिथ यांनी १९९६ मध्ये १७ देशांतल्या १३३ प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला. अमेरिकेत हे प्रमाण दशकागणिक उतरत गेल्याचे त्यात दिसले, आणि कुटुंब व समाज यांना व्यक्तीपेक्षा वर मानणाऱ्या संस्कृतींत ते अधिक असल्याचेही. त्याचा अर्थ तिथली माणसे भित्री असतात असा काढणे उथळपणाचे ठरेल. ज्या गावात पेरणीला बैलजोडी, लग्नाला माणसे आणि दवाखान्याला उसने पैसे शेजाऱ्याकडूनच मिळायचे, तिथे शेजाऱ्याशी जुळवून घेणे हा शहाणपणाचा व्यवहार असतो.

मेंदूच्या पातळीवर पहिला ठळक प्रयत्न २००५ मध्ये अटलांटाच्या एमोरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांच्या गटाने केला. एफएमआरआय यंत्र मेंदूच्या कोणत्या भागात रक्तपुरवठा वाढतो हे दाखवते, आणि त्यावरून तो भाग कामाला लागला असे अनुमान काढतात. यंत्रात आडव्या असलेल्या सहभागींना दोन त्रिमितीय आकृत्या फिरवून जुळतात का, हे ओळखायचे होते. एकट्याने उत्तर देताना १३.८ टक्के चुका झाल्या. गटाने चुकीचे उत्तर दिल्यावर चुका ४१ टक्क्यांवर गेल्या. तेच चुकीचे उत्तर संगणकाचे म्हणून दाखवले तर ३२ टक्क्यांवर. गटाबरोबर चुकणाऱ्यांमध्ये फरक दिसला तो आकृती पाहण्या-फिरवण्याशी संबंधित, डोक्याच्या मागच्या आणि वरच्या भागांत. गटाविरुद्ध ठाम राहणाऱ्यांमध्ये मात्र अमिग्डला अधिक पेटलेली दिसली. हा भाग भावनिक ताण आणि धोका यांच्याशी जोडला जातो. गटाचे ऐकताना माणसाला आकृतीच वेगळी ‘दिसू’ लागते, असे त्यावरून त्या वेळी मोठ्या उत्साहाने सांगितले गेले. तो दावा पुराव्यापेक्षा मोठा होता. वेगळे बोलण्याला काहीतरी किंमत मोजावी लागते, एवढे मात्र त्यातून नीट दिसते.

ती किंमत मेंदू कशी मोजतो, याचे अधिक पटणारे उत्तर वासिली क्लुचारेव्ह आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये शोधले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात तरुणींनी चेहऱ्यांच्या आकर्षकतेला गुण दिले. प्रत्येक चेहऱ्यानंतर ‘इतरांनी’ दिलेले सरासरी गुण पडद्यावर येत. थोड्या वेळाने, आधी न सांगता, तेच चेहरे पुन्हा दाखवून गुण घेतले गेले. गटाशी मतभेद दिसताच मेंदूच्या मध्यभागी पुढच्या बाजूला, सिंग्युलेट पट्ट्यात, हालचाल वाढली आणि व्हेंट्रल स्ट्रायटममध्ये कमी झाली. यातला पहिला भाग आपल्या हातून चूक झाल्यावर जागा होतो. दुसरा बक्षीस मिळाल्यावर वाढतो आणि अपेक्षाभंगावर उतरतो. ज्यांच्यात हा बदल मोठा, त्यांनी पुढच्या वेळी आपले गुण गटाच्या दिशेने अधिक सरकवले. थोडक्यात, कढईत हात भाजल्यावर मेंदू ज्या शिकण्याच्या यंत्रणेने पुढच्या वेळी हात मागे घेतो, तीच यंत्रणा गटाशी न जुळलेल्या मतालाही लागू होताना दिसते. मत चूक होते की नाही, हा प्रश्न तिथे येतच नाही.

क्लुचारेव्ह यांच्याच गटाने २०११ मध्ये डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंदने देऊन त्या मध्यवर्ती पट्ट्याचे काम थोडा वेळ मंद केले, तेव्हा सहभागींचे गटाकडे झुकणेही कमी झाले. एखादा भाग पेटला म्हणून त्याचा संबंध असावा, यापेक्षा हा पुरावा पुढचा आहे, कारण इथे भागात ढवळाढवळ केली आणि वागणे बदलले.

पण गटाने बदललेले मत टिकते किती? इथे दोन प्रयोग एकमेकांसमोर उभे राहतात. २०१४ च्या एका अभ्यासात चेहऱ्यांबाबतचे असे बदललेले मत तीन दिवसांपर्यंत टिकले, आठवड्याने मात्र विरले. त्याआधी, २०११ मध्ये मायका एडेलसन आणि सहकाऱ्यांनी इस्रायलच्या वाइझमन संस्थेत मत सोडून स्मरणशक्तीच तपासली होती. पाच-पाच जणांच्या गटांनी एक माहितीपट पाहिला. तीन दिवसांनी प्रत्येकाची स्वतंत्र परीक्षा झाली. आणखी चार दिवसांनी यंत्रात पडून पुन्हा प्रश्न विचारले गेले, पण या वेळी सोबत गटातल्या इतरांची म्हणून बनावट उत्तरे दाखवली. आधी बरोबर आणि खात्रीने दिलेली उत्तरेही सुमारे ६८ टक्के वेळा बदलली. त्यानंतर ‘ती उत्तरे खरी नव्हती, संगणकाने कशीही टाकलेली होती’ असे सांगून तिसऱ्यांदा विचारले. बरेच जण मूळ उत्तरावर परतले, पण ४० टक्क्यांच्या आसपास चुका कायम राहिल्या. त्या लोकांची आठवणच बदलली होती. ज्यांची चूक पुढे कायम राहणार होती, त्यांच्यात दुसऱ्या परीक्षेच्या वेळीच अमिग्डला आणि आठवण साठवणारा हिप्पोकॅम्पस एकत्र कामाला लागलेले दिसले.

पारावर घडलेल्या भांडणाची साक्ष जमा करणाऱ्या हवालदाराने हा प्रयोग वाचायला हवा. चार जण एकत्र बसून ‘काय झालं होतं’ याची उजळणी करतात, तेव्हा त्यातला एखादा खोटे बोलत नसतानाही न पाहिलेले पाहिले म्हणू शकतो. डॉइच-जेरार्ड यांची मांडणी इथे थोडी मोडते. मान राखण्यासाठी नुसती वरवर दिलेली संमती काही दिवसांनी आतली माहिती होऊन बसते.

गटाबाहेर पडण्याची धास्ती हा या विषयाचा दुसरा भाग. २००३ मध्ये नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी यंत्रात पडलेल्या १३ जणांना पडद्यावर चेंडू फेकण्याचा खेळ दिला. थोड्या वेळाने इतर दोन ‘खेळाडू’ आपापसातच चेंडू टाकू लागले. अनोळखी माणसांनी एका फालतू खेळातून वगळले, तरी शारीरिक वेदनेत कामाला येणारा सिंग्युलेटचा भाग जागा झाला. ‘बहिष्कार म्हणजे वेदनाच’ हे वाक्य तेव्हापासून लोकप्रिय झाले. २०१४ मध्ये अधिक बारीक विश्लेषणाने दाखवले, की भाग एकच असला तरी त्यातल्या हालचालीचे नमुने दोन्ही वेळा वेगळे असतात. एक भाग अनेक कामे करतो. तो पेटला म्हणून नेमकी कोणती भावना जागी झाली हे उलट दिशेने ठरवता येत नाही. या क्षेत्रातल्या निम्म्या बातम्या याच चुकीवर उभ्या असतात.

महाराष्ट्राला ही गोष्ट यंत्राशिवायही ठाऊक आहे. जातपंचायतीने एखादे कुटुंब वाळीत टाकले, की कुणी मारत नाही, लुटत नाही. फक्त पाणवठ्यावर बोलणे थांबते, किराणा मिळत नाही, मयताला खांदा द्यायला कुणी येत नाही. ही शिक्षा परिणामकारक ठरते ती शिक्षा देणाऱ्यांच्या एकमतामुळे. एका दुकानदाराने जरी माल दिला, तरी ती ढिली पडते, आणि म्हणूनच त्या दुकानदारालाही दंडाची धमकी असते. ॲश यांच्या प्रयोगातला तो एकटा साथीदार इथे उलट्या बाजूने दिसतो. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो जुलै २०१७ मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. असा स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र पहिले राज्य मानले जाते.

आता माहितीची बाजू. अभिजित बॅनर्जी यांनी १९९२ मध्ये एक छोटेसे गणिती प्रारूप मांडले. लोक एकामागून एक निर्णय घेतात. प्रत्येकाकडे स्वतःची थोडी माहिती असते आणि आधीच्यांनी काय निवडले हे दिसते. पहिल्या दोघा-तिघांनी एकच गोष्ट निवडली, तर पुढच्या प्रत्येकाने स्वतःची माहिती बाजूला ठेवून त्यांच्यामागे जाणे हेच तर्काला धरून ठरते. त्यामुळे हजार माणसांचा लोंढा प्रत्यक्षात पहिल्या तिघांच्या माहितीवर चाललेला असू शकतो. इथे कुणीही मूर्खपणा केलेला नसतो.

सोयाबीन हे लातूरचे त्याबाबतचे ताजे उदाहरण. २०२१ च्या ऑगस्टच्या सुमारास सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला. भाव उतरू लागले तरी मराठवाड्यातल्या असंख्य घरांत पुढचे हंगाम पोती थप्पीला लागून राहिली, कारण गावात जो तो ‘पुन्हा दहा हजार होणार’ म्हणत होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत भाव पाच हजारांच्याही खाली आले. त्यामागची कारणे जागतिक होती : खाद्यतेलाची आयात, पेंडीची मागणी, ब्राझीलचे पीक. पण माल कधी विकायचा हा घराघरातला निर्णय शेजारच्या थप्पीकडे पाहून झाला. थप्पी न विकणे हेही लोकांना दिसते. विकून मोकळे झालेल्याचा समंजसपणा मात्र कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

लातूरच्या शिक्षणाची गोष्ट याच जातीची, फक्त अधिक यशस्वी. राजर्षी शाहू महाविद्यालय आणि दयानंद महाविद्यालय यांच्या निकालांनी ‘लातूर पॅटर्न’ हे नाव राज्यभर गेले. पुढे शिकवण्यांचा ‘ट्यूशन एरिया’ वाढला, आणि वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी नांदेडही त्याच वाटेने गेले. निकालानंतर चौकाचौकांत लागणाऱ्या फ्लेक्सवर मुलांचे फोटो, गुण आणि मिळालेले कॉलेज असते. ज्यांना प्रवेश मिळाला नाही, त्यांचा फ्लेक्स लागत नाही. गावाकडून आलेला बाप म्हणून फक्त यशच मोजतो आणि शेतीचा तुकडा विकून मुलाला अकरावीला इथे आणतो. पॅटर्नमधली मेहनत खरी आहे, निकालही खरे आहेत. पण निवडीची माहिती एका बाजूने कापून आलेली असते, आणि बॅनर्जी यांच्या प्रारूपाला नेमके एवढेच पुरते.

‘ट्यूशन एरिया’त राहणारी ही मुले सोळा-सतराची असतात, आणि गटाचा जोर वयानुसार बदलतो याला बऱ्यापैकी पुरावा आहे. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आलेल्या ८ ते ५९ वयाच्या ५६३ जणांवर २०१५ मध्ये झालेल्या अभ्यासात प्रत्येकाने काही कृतींचा धोका किती, हे सांगितले आणि नंतर इतरांचे मत पाहिले. सगळ्याच वयोगटांत मत बदलताना दिसले. बहुतेक वयोगट मोठ्यांच्या मताकडे अधिक झुकले. बारा ते चौदा वर्षांची मुले मात्र समवयस्कांकडे. २०११ च्या अमेरिकी प्रयोगात, मित्र पाहत आहेत हे कळल्यावर किशोरांनी गाडी चालवण्याच्या खेळात अधिक धोके घेतले आणि त्यांच्या मेंदूतली बक्षिसाची यंत्रणा अधिक जागी झाली. मोठ्यांमध्ये तसा फरक पडला नाही.

भीती गटात कशी पसरते, याचा मराठवाड्यातला जुना नमुना भानामतीचा. लातूर, नांदेड, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) आणि शेजारच्या बिदर पट्ट्यात, मुख्यतः बायकांमध्ये, अंगाला झटके येणे, घशातून भुंकल्यासारखा आवाज निघणे असे प्रकार दिसत आले. एकीला सुरू झाले की आसपासच्या दुसरीला होते. बघ्यांची गर्दी वाढली की प्रकार वाढतो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी आणि मानसोपचारतज्ज्ञांनी या भागात वर्षानुवर्षे काम करून ही करणी नसून मनाच्या ताणाचे शारीरिक रूप असल्याचे लोकांपुढे मांडले. यातली बाई नाटक करत नसते. अशा अनैच्छिक हालचाली असणाऱ्या रुग्णांवरच्या २०१० च्या एका अभ्यासात अमिग्डला आणि हालचालींची आखणी करणारा भाग यांच्यातला जोड नेहमीपेक्षा घट्ट दिसला. बोलायला जागा नसलेल्या सुनेचा ताण बाहेर पडायला गावाने आधीच एक वाट ठरवून ठेवलेली असते, आणि तो त्याच वाटेने बाहेर येतो.

नांदेड शहरात २००६ नंतर काही वर्षे जमिनीतून गूढ आवाज आणि बारीक धक्के येत राहिले. शास्त्रज्ञांच्या नोंदीत ते लहानच होते, तरी लोक रात्री घराबाहेर पडत. कारण किल्लारी सगळ्यांच्या आठवणीत होती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी-सास्तूर पट्ट्यात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. सरकारी हिशेबाने आठ हजारांच्या आसपास, इतर अंदाजांप्रमाणे दहा हजारांपर्यंत माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे धाब्याचे ओझे यांनी बहुतेकांचा जीव घेतला. त्यानंतर गटनिर्णयांचा एवढा मोठा प्रसंग मराठवाड्याने क्वचितच पाहिला असेल. जागतिक बँकेच्या साह्याने चाललेल्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी हलली. बाकी हजारो गावांत जागच्या जागी दुरुस्ती आणि मजबुतीकरण व्हायचे होते. अभियंते सांगत होते, की दगडी भिंतींना आडवे बंध घालून आणि धाब्याची माती कमी करून जुने घरही टिकवता येते. लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर उभी असलेली अनेक माळवदे पडली नव्हती, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेही होते. तरी मजबुतीकरणाला फारसा प्रतिसाद मिळाला नाही. लोकांनी मदतीतून विटा-सिमेंटची नवी खोली बांधणे पसंत केले, आणि दगड म्हणजे मरण हे गावोगाव पक्के झाले.

याला अंधानुकरण म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याने ढिगाऱ्यातून घरचे लोक काढले, त्याच्या मेंदूला दगडी भिंतीची भीती शिकवायला शेजाऱ्याची गरज नव्हती. पण ज्या गावांत एकही मृत्यू झाला नाही तिथेही तोच निर्णय झाला, तो एकमेकांकडे पाहून. आयताकृती आखणीच्या नव्या गावांत रुंद रस्ते आले आणि घरे लांब लांब गेली. जुन्या बोळातल्या ओट्यावर बायकांची दिवसभर चालणारी बोलणी तिथे तशी राहिली नाहीत. या कार्यक्रमात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावातल्या महिलांना संवादक म्हणून उभे केले. घराच्या बांधकामावर देखरेख आणि गाव व सरकार यांच्यातली निरोपांची देवाणघेवाण हे त्यांचे काम होते. त्यानिमित्ताने अनेकींनी चारचौघांत पहिल्यांदा तोंड उघडले.

गट चुकतोच असे मात्र नाही. १९०६ मध्ये इंग्लंडच्या प्लिमथमधल्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचे कापल्यानंतरचे वजन ओळखण्याची पैज होती. फ्रान्सिस गाल्टन यांनी वाचता येण्याजोगी ७८७ तिकिटे तपासली. मधला अंदाज १,२०७ पौंड, प्रत्यक्ष वजन १,१९८. ही किमया तिकिटे वेगवेगळी लिहिल्यामुळे साधली. झुरिचमध्ये २०११ मध्ये १४४ विद्यार्थ्यांना एकमेकांचे अंदाज दाखवून पुन्हा अंदाज करायला लावले, तेव्हा आकडे जवळ आले, अचूकता वाढली नाही, आणि प्रत्येकाचा आत्मविश्वास तेवढा वाढला.

नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत लाल कंधारी आणि देवणी जनावरांचे सौदे होतात. जनावरांच्या बाजारात जुनी रीत अशी : घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली हात घालतात. एक बोट धरले तर एक, पूर्ण पंजा धरला तर पाच. हजार की शेकडा, हे आधीच ठरलेले. तोंडाने फक्त ‘हे चालतंय का?’, ‘थोडं वाढवा’ एवढेच. बाजूला उभ्या दहा जणांना भाव कळत नाही, म्हणून शेजारच्या सौद्यावर त्याची सावली पडत नाही. हीच झाकपाक धान्याच्या अडतीत शेतकऱ्याच्या मुळावर उठली होती, आणि म्हणून बाजार समितीच्या कायद्याने तिथे उघड लिलाव बंधनकारक केला. गुप्तता कुणाच्या बाजूने काम करते, हे ज्या-त्या व्यवहारात पाहावे लागते.

चर्चा आणि स्वतंत्र मत यांचा मेळ कसा घालावा, यावर एक सुंदर प्रयोग ब्युनोस आयर्समध्ये झाला. ५,१८० श्रोत्यांच्या सभेत प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तरे लिहिली, मग पाच-पाच जणांनी बोलून एकमत केले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार अशा चार छोट्या गटांच्या एकमतांची सरासरी हजाराहून अधिक लोकांच्या स्वतंत्र अंदाजांच्या सरासरीपेक्षा अचूक निघाली. पाच ही संख्या इथल्या वाचकाला परकी वाटू नये. पंच पाचच. नांदेडला १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून गुरुपद ग्रंथसाहिबाकडे सोपवले. पंथाचे निर्णय संगतीने आणि पंज प्यारे यांनी घेण्याची रीत शीख समाजात रूढ आहे. परंपरेनुसार मूळ पंज प्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंग हे लातूरला लागून असलेल्या बिदरचे.

छोट्या गटातही कोण बोलतो याने फरक पडतो. डार्टमथ येथील थॅलिया व्हीटली आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात लोकांनी दुर्बोध चित्रफिती पाहिल्या, त्यांच्या अर्थावर चर्चा करून एकमत केले आणि पुन्हा यंत्रात त्याच फिती पाहिल्या. चर्चेनंतर त्यांच्या मेंदूंतली हालचाल एकमेकांशी अधिक जुळू लागली. पण इतरांनी ज्याला वरचढ मानले आणि ज्याने दुसऱ्यांचे म्हणणे उडवून लावले, असा माणूस गटात असला की हे जुळणे कमी झाले. ते वाढले ते, ओळखीपाळखी भरपूर असलेला आणि इतरांना बोलते करणारा माणूस गटात होता तिथे. वरून झालेले एकमत आणि आतून झालेले एकमत यांत फरक असतो, याचा हा आजवरचा सर्वांत थेट पुरावा म्हणता येईल.

वरवरचे एकमत महाराष्ट्राला नवे नाही. २०२१ च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातले उमराणे आणि नंदुरबारमधले खोंडामळी इथल्या ग्रामपंचायत निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, कारण पदांचा लिलाव करून निवडणूक ‘बिनविरोध’ केल्याचे आढळले. गावाच्या वेशीवरचे फलक हेही दिसणाऱ्या एकमताचेच रूप. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी मराठवाड्यातल्या गावोगावी राजकीय नेत्यांना गावबंदीचे फलक लागले. एका गावाचा फलक दिसला की पुढच्या गावाला तो लावणे सोपे झाले. त्या फलकामागे गावातल्या प्रत्येकाची मागणी होती का, हे फलकावरून कळत नाही. ती नव्हती असेही त्यावरून म्हणता येत नाही.

कायद्याने या बाबतीत दोन शहाण्या तरतुदी केल्या आहेत. पहिली ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची. ती मनापासून पार पडली, तर बायकांचे मत पुरुषांचे हात वर जाण्याआधी नोंदले जाते. बऱ्याच गावांत ती कागदावरच उरकते. दुसरी तरतूद दारूच्या दुकानाबाबत आहे. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली, की दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात : उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. ज्या बाईचा नवरा त्याच दुकानात बसतो आणि सासरा दुकानदाराच्या ओळखीचा असतो, तिला ग्रामसभेत हात वर करायला लावणे म्हणजे ॲश यांच्या खोलीत बसवणे. पडद्याआड शिक्का मारताना तिच्यावर कुणाचेच डोळे नसतात. मात्र बाटली आडवी व्हायची तर यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात. त्यामुळे ऊसतोडीला गेलेली, माहेरी असलेली किंवा त्या दिवशी घरातून बाहेर पडू न दिलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते.